नसलेल्या दगडाची कुळकथा

साध्या गिलाव्याला संगमरवराचं सोंग द्यायची कला रंगाच्या कंपन्यांनी काढलेली नाही. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यातच चिऱ्यांसारखे चौकोन उठवलेले आहेत आणि एकेकाला रंगीत संगमरवराची छटा दिलेली आहे. ही तऱ्हा ग्रीकांकडून आली. आउगुस्ट माउ या जर्मन अभ्यासकाने १८८२ मध्ये पाँपेईच्या भित्तिसजावटीचे चार प्रकार पाडले, त्यांतला हा पहिला. इ.स.पू. ८० च्या सुमारास चौकोन उठवायचीही गरज उरली नाही. सपाट भिंतीवर नुसत्या रंगाने चिरे आणि खांब दिसू लागले.

गंमत आहे ती रोमन लेखक थोरल्या प्लिनीच्या तक्रारीत. वेसुव्हियस ज्वालामुखीच्या ७९ सालच्या उद्रेकात गेला तोच हा प्लिनी. सम्राट नीरोच्या काळात अस्सल संगमरवराच्या पातळ फरश्यांत मुळात नसलेले ठिपके घालायची टूम निघाली, म्हणून तो वैतागला होता. गिलावा दगड व्हायला निघालेला, आणि श्रीमंतांना खरा दगडच सपक वाटू लागलेला!

पुढे सतराव्या शतकात इटलीतल्या कार्पी गावच्या कारागिरांनी जिप्समची भुकटी, सरस आणि रंग मळून, घोटून दगडासारखे तक्ते केले. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या घरी पाइनच्या फळ्यांवर महोगनीच्या रेषा रंगवल्या गेल्या. सोय आणि हौस, दोन्ही त्यात होतं.

या धंद्याची खरी बहार एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात. ओकचं लाकूड रंगवायचं तर आधी फिकट पिवळसर अस्तर. ते वाळलं की शिळ्या बिअरमध्ये कालवलेल्या तपकिरी रंगाचा पातळ हात. बिअरमधल्या साखरेने रंग धरून राहतो, ओघळत नाही. रंग ओला असतानाच पोलादी फणी ओढून रेषा काढायच्या, मग अंगठ्याला चिंधी गुंडाळून मधेमधे रंग पुसला की ओकच्या चकाकत्या खुणा उमटतात. शेवटी वॉर्निश. संगमरवराच्या शिरा पिसाने ओढायच्या आणि बिजूच्या केसांच्या ब्रशने हलकेच विरवायच्या. हात जरासा थरथरलेला चालतो. शीर सरळ आली की पितळ उघडं पडतं.

इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनला हे सगळं खोटारडेपण वाटे; १८४९ मध्ये त्याने असल्या रंगकामाला वास्तुकलेतल्या फसवणुकींमध्ये बसवलं. मला तो उगाच रागावलेला वाटतो. लँकशरच्या टॉमस कर्शॉला १८५१ च्या लंडन प्रदर्शनात याच कामासाठी पदक मिळालं. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात परीक्षकांचा विश्वास बसेना, तेव्हा त्याला त्यांच्यासमोर रंगवून दाखवावं लागलं, असं सांगतात. त्याच्या फळ्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

ब्रसेल्समध्ये १८८२ साली व्हान डेर केलन घराण्याने याच कलेची शाळा काढली. तिथे आजही लाकूड आणि संगमरवर रंगवायला शिकवतात.