धुकं गेलं, मोजणी कुठे थांबवायची?

५ डिसेंबर १९५२, शुक्रवार. लंडनमध्ये कडाक्याची थंडी. लोकांनी घरातल्या फायरप्लेसमध्ये जास्तीचा कोळसा टाकला. तोही हलक्या प्रतीचा, कारण युद्धाने कर्जबाजारी झालेला ब्रिटन चांगला कोळसा परदेशी विकत होता.

एरवी धूर वर जाऊन विरतो. त्या दिवशी वारा पडलेला होता आणि जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला होता. घरं, कारखाने, वीजकेंद्रं, सगळ्यांचा धूर त्याखाली कोंडला. कोळशातल्या गंधकाचं धुक्याच्या थेंबांत आम्ल झालं आणि शहर पाच दिवस तेच श्वासातून आत घेत राहिलं.

गंमत म्हणजे घबराट उडालीच नाही. लंडनला धुकं नवं नव्हतं. 'स्मॉग' हा शब्दच तिथे १९०५ पासून होता. सॅडलर्स वेल्स थिएटरमध्ये धुकं शिरल्यामुळे ऑपेरा मध्येच थांबवावा लागला, तेवढीच चर्चा. ९ तारखेला वारा सुटला, आकाश मोकळं झालं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे बिघाड अनेकदा आलेखावरूनच कळतो. लंडनलाही तसाच कळला. आधी शवपेट्या आणि फुलं कमी पडली, मग आकडे आले. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहद् लंडनमध्ये ४,७०३ मृत्यूंची नोंद झाली. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात १,८५२ होती.

एकूण बळी सुमारे ४,००० धरले गेले. पण धुकं गेलं तरी आलेख खाली आला नाही. पुढचे दोन-तीन महिने तो चढाच राहिला. हे नंतरचे मृत्यू सरकारने इन्फ्लुएन्झाच्या खात्यात टाकले. २००१ साली मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस यांनी नोंदी पुन्हा तपासल्या. फ्लूने एवढी माणसं जायची तर साथ कितीतरी मोठी हवी होती. त्यांचा अंदाज: सुमारे १२,०००.

सरकार सुरुवातीला कायद्याला नाखूश होतं. ह्यू बीव्हर यांच्या समितीचा अहवाल आला, संसदेत दबाव वाढला, तेव्हा कुठे १९५६ मध्ये 'क्लीन एअर अ‍ॅक्ट' झाला.

हे सगळं ४,००० च्या आकड्यावर. उरलेले ८,००० जण निव्वळ मोजणी लवकर थांबवल्यामुळे जवळपास पन्नास वर्षं हिशेबाबाहेर राहिले. म्हणून फोनवरचा एक्यूआय पुन्हा हिरवा झाला की मी जरा थांबतो. हवा सुधारली, हे खरं. त्या हवेने केलेलं काम मात्र अजून संपलेलं नसतं.