पैठणीचा रंग, मांजराची पेशी

येवल्यात पैठणीचं रेशीम रंगवताना पाणी गरम हवं आणि बहुतेक रंगांना थोडं आम्लही हवं. रेशीम हे प्रथिन. आम्लात त्यावर धन भार येतो आणि ऋण भाराचा रंग त्याला घट्ट धरून बसतो. मांजराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ओळखण्याची विद्या याच तत्त्वावर उभी आहे. तिचं मूळ रंगाऱ्याच्या कढईत आहे, असं माझं ठाम मत आहे.

पुरावा इओसिनचा. १८७१ साली रसायनशास्त्रज्ञ बायरने फ्लुओरेसिन हा रंग बनवला. १८७४ मध्ये हाइनरिख कारोने त्याला ब्रोमीन जोडलं आणि रेशमाला झळाळता गुलाबी रंग मिळाला: इओसिन. पुढे डॉक्टर पॉल एर्लिखने तोच रक्तावर वापरला. काही पेशींतल्या कणांनी तो आधाशीपणे शोषला, कारण त्या कणांतली प्रथिनंही धन भाराची. त्या पेशी इओसिनोफिल.

कोणी म्हणेल, श्रेय भिंगाचं. डॉक्टर व्हार्टन जोन्सने १८४६ मध्येच, रंग न लावता, भरड आणि बारीक कणांच्या पेशी वेगळ्या पाहिल्या होत्या. पण त्याला दिसला तो आकार. कणांचा रासायनिक स्वभाव रंगानेच उघड केला. मांजराच्या इओसिनोफिलमधले कण बारीक काड्यांसारखे, नारिंगी-गुलाबी. बेसोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींमधले गोलसर आणि फिकट जांभळट, माणसासारखे गर्द नाहीत.

इओसिन आणि मेथिलीन ब्लू हा निळा रंग एकत्र वापरण्याचं श्रेय १८९१ च्या रोमानोव्स्कीला देतात. त्याच वर्षी मालाखोव्स्कीने तो निळा रंग टाकणखार घालून मुद्दाम बदलून घेतला होता. मला मालाखोव्स्कीचं पारडं जड वाटतं. भारतात नोकरी केलेल्या लिशमनने १९०१ मध्ये ही रीत सोपी केली. त्याचा रंग आपल्या प्रयोगशाळांत आजही चालतो.

टी आणि बी लिम्फोसाइट मात्र या रंगांत सारख्याच दिसतात. त्यांच्यासाठी प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडतात. मांजरांच्या एफआयव्ही या विषाणूजन्य आजारात सीडी४ या टी पेशी घटतात, ते असंच मोजतात. या कामाचा जुना, आजही वापरातला रंग म्हणजे फ्लुओरेसिन, इओसिनची जननी. घराणं एकच.

यंत्र आलं तरी रंगाची गरज संपत नाही: मांजराच्या प्लेटलेट मोठ्या असतात, गुठळ्या करतात आणि मोजणी यंत्र त्यांना कधी पांढऱ्या पेशी समजतं. म्हणून अहवाल हाती आला की डॉक्टरांना विचारा: रंगवलेली काचपट्टी कोणी डोळ्यांनी पाहिली का?