काटकसरीची बखर

आपल्याकडे बखरी लिहिल्या गेल्या त्या लढायांच्या आणि गाद्यांच्या. कोणत्या मोहिमेला किती खर्च आला, कोणत्या सरदाराच्या डोक्यावर किती कर्ज झाले, हे जुन्या दप्तरांत शोधले तर सापडते. पण महिन्याच्या पंचवीस तारखेला डब्यात मूठभर डाळ उरलेली असताना पुढचे पाच-सहा दिवस घर कसे चालले, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. ती होती फक्त बायकांच्या डोक्यात. त्या न लिहिलेल्या बखरीची चार पाने आज तुमच्यापुढे उलगडायची आहेत.

सुरुवात शब्दांपासून करतो, कवीची ती खोडच असते. घरखर्चाबद्दल बोलताना आपण जे शब्द सहज वापरतो, म्हणजे हिशेब, जमा, खर्च, बाकी, कर्ज, वसूल, ते अरबी-फारसीतून मराठीत आले. हप्ता आणि महिना फारसी. पगार पोर्तुगिजांकडून आला. काटकसरीतली 'कसर'सुद्धा अरबी आहे. तिचा मूळ अर्थ तुटलेला भाग, अपूर्णांक. म्हणजे चूल इथली, हिशेब अरबी आणि पगार पोर्तुगीज! घरात दखनी आणि अंगणात मराठी बोलत मिरजेत वाढलेल्या माझ्यासारख्याला याची मोठी गंमत वाटते. गरिबीत भागवण्याची भाषा सगळ्यांनी मिळून तयार केली आहे.

आता पहिले पान. साल १९४३. दुसरे महायुद्ध चालू होते, ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यामुळे तिथला तांदूळ बंद झाला होता आणि बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मरत होती. त्या वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. पाठोपाठ ग्रेगरी समितीने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत रेशनिंग करावे अशी शिफारस केली. तोपर्यंत घरात किती शिजवायचे हे घरातली बाई ठरवत असे. आता ते कार्डावर छापून येऊ लागले. स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या आग्रहामुळे डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठवायला सुरुवात झाली, भाव भडकले आणि १९४८ मध्ये नियंत्रणे परत आली. पुढे रफी अहमद किदवई अन्नमंत्री असताना, १९५२ ते १९५४ या काळात, ती पुन्हा टप्प्याटप्प्याने सैल झाली. या सगळ्या येरझाऱ्या दिल्लीच्या फाइलींत आहेत. पण प्रत्येक येरझारीगणिक लाखो स्वयंपाकघरांत पिठाचे माप बदलले, भाताची भाकरी झाली, भाकरीत कोंडा मिसळला गेला, ते कुठे आहे?

दुसरे पान १ एप्रिल १९५७ चे. त्या दिवशी नवा पैसा आला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै होत. आता रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि आणा सव्वासहा पैशांचा ठरला. पाव पैसा द्यायचा कसा? सरकारने कोष्टक दिले. एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ आणि चार आणे म्हणजे २५. माझी नानी शाळेत गेलेली नव्हती. पण या कोष्टकातली मेख तिला आठवडाभरात कळली, असे अम्मा सांगायची. तीन आण्यांचा जिन्नस एकदम घेतला तर १९ पैसे. तोच आण्या-आण्याचा तीनदा घेतला तर १८. म्हणून ती हळद, मिरची, चहापत्ती आण्या-आण्याचीच आणायची. एका पैशासाठी तीन खेपा! आज हसू येते. पण ज्या घरात पैशा-पैशाने महिना सरतो, तिथे तो पैसा हसण्यावारी नेता येत नाही.

पाठोपाठ दशमान मापे आली. पायली, शेर, मापटे, चिपटे गेले आणि किलो-लिटर आले. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. ही उतरंड बायकांच्या हातात बसलेली होती. दुकानात किलो आला तरी घराघरांतल्या धान्याच्या कणगीत चिपटेच राहिले. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' आले, तेव्हा त्यांनी तोळे-ग्रॅम बाजूला ठेवून वाटी-चमच्याचे माप दिले. हे पुस्तक घराघरांत गेले यात नवल नाही. काटकसर करणाऱ्या बाईला तराजू परवडत नाही, वाटी मात्र घरात असतेच.

१९६५ साली पाकिस्तानशी युद्ध आणि अवर्षण एकदम आले. अमेरिकेच्या 'पी. एल. ४८०' करारातल्या गव्हावर देश अवलंबून होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. आमच्या गल्लीतल्या काही हिंदू घरांत सोमवार शंकराचा म्हणून आधीच उपास असे. मुसलमान घरांतली जुनी माणसे सोमवार आणि गुरुवारचा नफिल रोजा धरत, कारण पैगंबरसाहेब त्या दिवशी रोजा धरत. शास्त्रीजींचा सोमवार या दोन्हींवर येऊन बसला. नानी म्हणायची, "सरकारनं सांगायच्या आधीपासून आमचा सोमवार रिकामाच आहे." या वाक्यात भक्ती किती आणि टोमणा किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सगळ्यात जाड पान १९७२ च्या दुष्काळाचे. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, त्यामुळे हे सारे ऐकलेले. सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग, जत-आटपाडीकडची गावे, करपून गेली होती. महाराष्ट्रभर माणसे खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबांध खणायला जात होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा विस्तार याच काळात झाला, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. रेशनवर मिलो मिळत असे. ही अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिच्या पिठाला चिकटा नसे, भाकरी थापताना कडा फुटत. मग उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढायची आणि तिची भाकरी करायची. कामावरच्या पोरांना सुकडी मिळे. त्या पिढीतल्या माणसांसमोर आजही मिलोचे नाव काढा, चेहरा बदलतो.

या काळात घरांनी जे केले त्याला आपण काटकसर म्हणतो, पण खरे तर ते मोठे कसब होते. अब्बा शिंपी होते. कापडाच्या चिंध्या घरात भरपूर असत. त्यांवर जुन्या साड्या, विटलेल्या ओढण्या, फाटक्या लुंग्यांचे थर घालून अम्मा वाकळ शिवायची. नवे कापड वरच्या बाजूला, जुने मऊ कापड अंगाच्या बाजूला. इंधनासाठी वखारीतून कोळशाचा चुरा स्वस्तात आणायचा, त्यात शेण-माती कालवून गोळे वळायचे आणि वाळवायचे. शेगडी एकदा पेटली की तिच्यावर आधी डाळ, मग भाजी, शेवटी अंघोळीचे पाणी. विझत्या निखाऱ्यांच्या धगीवर दुधाचे भांडे. उरलेली राख भांडी घासायला. एका काडीवर पाच कामे होत.

स्वयंपाकाचे तर विचारूच नका. दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या देठांचे वाटण, शिळ्या भाकरीचा फोडणी दिलेला कुस्करा. शेजारच्या घरी पुरणाची डाळ शिजली की तिच्या पाण्याची कटाची आमटी होई आणि वाटीभर आमच्याकडे येई. आमच्याकडून ईदला शिरखुर्मा जाई. आणि आमचा दालचा! नऊ माणसांना पाव किलो मटण पुरवायचे कसे? हाडांसकट मटण, हरभऱ्याची डाळ, दुधी भोपळा आणि चिंचेचा कोळ. मटणाचा स्वाद प्रत्येकाच्या ताटात, तुकडा मात्र दोघा-तिघांच्याच. आज लग्नाच्या जेवणात दालचा खाऊन लोक बोटे चाटतात. माझ्या दृष्टीने तो तुटीच्या अंदाजपत्रकाचा पदार्थ आहे.

पण कसबालाही मर्यादा असते. गोडेतेल, साखर, रॉकेल बाजारातून गायबच झाले तर घरातली बाई कशात कपात करणार? १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्या एकत्र आल्या. हजारो बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. हा लाटणे मोर्चा मला काटकसरीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. तोवर घर भागत नसेल तर बाईला संसार करता येत नाही, असेच म्हटले जाई. या बायकांनी प्रश्न उलटा केला. आम्ही सगळे वाचवून पाहिले, आता गोदामात काय दडवले आहे ते दाखवा, असे त्या सरकारला आणि साठेबाजांना विचारू लागल्या. हिशेब मागण्याचा हक्क त्यांना होता, कारण रोजचा हिशेब त्याच ठेवत होत्या.

वाचवलेला पैसा जायचा कुठे? आधी डाळीच्या नाहीतर तांदळाच्या डब्यात. मग भिशीत. आमच्या गल्लीतल्या भिशीत वीस बायका होत्या. प्रत्येकीने महिन्याला दहा रुपये द्यायचे, चिठ्ठी काढायची, जिचे नाव येईल तिला दोनशे रुपये. वीस महिन्यांत सगळ्यांची पाळी होई. कुणाच्या मुलीचे लग्न किंवा बाळंतपण आले तर चिठ्ठी लागलेली बाई आपली पाळी तिला देई. कागद नाही, सही नाही आणि मुख्य म्हणजे व्याज नाही. काही ठिकाणी लिलावाची भिशी चालते, तिच्यात घाई असलेली बाई कमी रक्कम घेऊन उचल करते. अम्माच्या गटाला ते मान्य नव्हते. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध, म्हणून मुसलमान घरांना चिठ्ठीची भिशी जवळची वाटे. पण त्या वीस जणींत निम्म्या हिंदू होत्या आणि त्यांनाही तीच सोयीची होती. अडलेल्या शेजारणीकडून नफा घ्यायचा नाही, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते.

पोस्टाची बचत बँक १८८२ पासून आहे. पण पोस्टाच्या खिडकीपर्यंत जाणे कितीतरी बायकांना जमत नसे. १९७२ मध्ये महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आली आणि पोस्टच दारात आले. बचत गोळा करणाऱ्या बायकाच असल्याने पडद्यातली बाईसुद्धा मोकळेपणाने पैसे देई. मुदत संपून व्याज हाती आले की अम्मा ते वेगळे बांधून ठेवायची आणि एखाद्या गरजवंताला देऊन टाकायची.

काही बायकांनी घरातले कसबच भांडवल केले. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभे राहिले. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले. तोवर या बायका सावकाराच्या दारात उभ्या असत, आता त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडले. गटाने एकमेकींची हमी घ्यायची, हे भिशीचेच तत्त्व होते. फरक इतकाच, की आता त्याची वही झाली.

मग ८ नोव्हेंबर २०१६ चा दिवस आला. पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि देशभरच्या डाळी-तांदळाच्या डब्यांतून नोटा बाहेर आल्या. नवऱ्यापासून, सासूपासून, कधी दारूपासून लपवलेले पैसे बायकांना घरच्यांसमोर मोजावे लागले. अनेक घरांत कौतुक झाले, अनेक घरांत भांडणे झाली. ती बचत चोरीची नव्हती. ज्या घरात बाईच्या नावावर काही नसते, तिथे तो डबा हाच तिचा सातबारा असतो.

या बखरीत एक रकाना मात्र कायम कोरा राहिला आहे. वाचले ते कुणाच्या ताटातून वाचले? दालच्यातला तुकडा अब्बांच्या ताटात, मग आम्हा मुलांच्या. अम्मा सगळ्यांच्या शेवटी जेवायची, पातेल्यात भाकरी फिरवून. "मला हाडच आवडतं," असे ती म्हणायची आणि आम्हाला ते खरे वाटायचे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याची कारणे अनेक आहेत, सगळा दोष शेवटी जेवण्याचा नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या शेवटी जेवलेल्या बाईचा हिशेब त्या आकड्यात नाही, असे कोण म्हणेल?

आज महागाई आहेच. गॅस, शाळेची फी, औषधे, मोबाइलचे रिचार्ज. काटकसर कशी करावी, असा सल्ला द्यायला सगळे तयार असतात. माझे सांगणे थोडे वेगळे आहे. घराचे अंदाजपत्रक महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसून मांडा, मुलांसमोर आणि पुरुषांसमोर. कुठे किती कापायचे ते ठरवा आणि कुणाच्या वाट्याचे कापले जाते आहे, तेही लिहा. आणि घरात सत्तरी-ऐंशीची कुणी आजी, नानी, दादी असेल, तर तिला विचारा, की बाई, बहात्तर साली काय शिजवत होतीस? ती सांगेल ते वहीत उतरवून ठेवा. ती वही म्हणजेच इतिहास आहे, आणि तो सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)