आर्चच्या फोटोमागची इमारत

सेंट लुईसला येऊन गेलेल्या बहुतेक मराठी आईवडिलांचा एक फोटो भारतातल्या घरी टीव्हीशेजारी हमखास सापडतो. पायात नवेकोरे स्पोर्ट्‌स शूज, आईच्या साडीवर मुलाचं जाकीट आणि मागे आर्च. फोटो नीट पाहिला, तर कमानीच्या खाली हिरवट घुमटाची एक जुनी इमारत दिसते. रोलाला एम.एस. करत असल्यापासून मी ती इमारत बघत होतो. कितीतरी पाहुण्यांना आर्चवर चढवून आणलं, पण रस्त्यापलीकडच्या त्या इमारतीत काही मी शिरलो नाही. "काहीतरी सरकारी असेल," एवढीच माझी माहिती!

2019 साली मुलगी पाचवीत असताना तिच्या वर्गाची सहल तिथे निघाली आणि पालक-मदतनीस म्हणून मला जावं लागलं. इमारतीचं नाव ओल्ड कोर्टहाउस. बांधकाम 1839 मध्ये सुरू झालं, घुमट पुरा व्हायला 1862 उजाडलं. 1930 मध्ये कोर्ट दुसरीकडे हललं आणि पुढे ही वास्तू नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आली. वरच्या मजल्यावरच्या जुन्या न्यायदालनात मुलांना भूमिका वाटून दिल्या. कुणी न्यायाधीश, कुणी वकील, कुणी साक्षीदार. माझी कन्या ज्यूरीत. खटला होता ड्रेड स्कॉटचा.

ड्रेड स्कॉट हा गुलाम. त्याचे मालक डॉक्टर इमर्सन सैन्यात सर्जन होते. बदली होईल तिथे ते त्याला बरोबर नेत. आधी इलिनॉयमध्ये आणि मग आजच्या मिनेसोटातल्या फोर्ट स्नेलिंगला. दोन्हीकडे गुलामगिरीला बंदी होती. फोर्ट स्नेलिंगलाच त्याचं हॅरिएटशी लग्न झालं. डॉक्टर 1843 मध्ये वारले. 6 एप्रिल 1846 रोजी ड्रेड आणि हॅरिएट या दोघांनी मिसिस इमर्सनविरुद्ध सेंट लुईसच्या सर्किट कोर्टात वेगवेगळे दावे लावले. म्हणणं एकच, की आम्ही मुक्त भूमीवर राहिलो आहोत, तेव्हा आम्ही गुलाम नाही. दोघांनाही लिहिता येत नव्हतं. अर्जावर सहीच्या जागी फुली आहे.

आता हे धाडस म्हणायचं की वेडेपणा? मलाही तेव्हा वाटलं, की गुलामाला कोर्टात उभं कोण करणार? पण मिसुरीच्या कायद्यातच तशी सोय होती. अन्यायाने गुलामगिरीत ठेवलं आहे असं म्हणणाऱ्याला निर्धन म्हणून दावा लावता येई आणि कोर्ट त्याला वकील नेमून देई. 1824 मध्ये विनी नावाच्या बाईच्या खटल्यात मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला मुक्त ठरवलं. "एकदा मुक्त तो कायमचा मुक्त" हे तत्त्व तिथून रूढ झालं. 1836 च्या रेचेलच्या खटल्यात तर मालक सैन्यातला अधिकारी होता, म्हणजे अगदी ड्रेडसारखंच प्रकरण, आणि रेचेल जिंकली होती. थोडक्यात, स्कॉट नवरा-बायको आंधळी उडी मारत नव्हते. मळलेली वाट होती.

अर्थात वाट सोपी नव्हती. पॉली नावाच्या बाईने 1839 मध्ये दावा लावला आणि 1843 मध्ये ती सुटली. आई मुक्त असताना झालेलं मूल मुक्त, या नियमावर तिने आपल्या मुलीसाठी, ल्यूसीसाठी वेगळा दावा लावला. निकाल लागेपर्यंत ती मुलगी सतरा महिन्यांहून जास्त काळ तुरुंगात होती. गुन्हा काय, तर काही नाही. दावेदाराला कुणी पळवून नेऊन विकू नये म्हणून त्याला तुरुंगात ठेवायचं, अशी ती पद्धत! तिचे वकील होते एडवर्ड बेट्‌स, जे पुढे लिंकनचे ॲटर्नी जनरल झाले. 1844 मध्ये ल्यूसी सुटली आणि म्हातारपणी तिने हे सगळं लिहून ठेवलं.

पुन्हा मुलांच्या खटल्याकडे येतो. 1847 च्या खऱ्या सुनावणीत रसेल नावाच्या साक्षीदाराने सांगितलं, की मी या स्कॉट मंडळींना मिसिस इमर्सनकडून भाड्याने घेतलं होतं. उलटतपासणीत मात्र त्याने कबूल केलं, की तो व्यवहार बायकोने केला, मी फक्त पैसे दिले. झालं! ऐकीव पुरावा. मिसिस इमर्सननी त्यांना गुलाम म्हणून ठेवलं आहे हेच सिद्ध होत नाही, म्हणून ज्यूरीने निकाल तिच्या बाजूने दिला, आणि स्कॉट कुटुंब पुन्हा तिच्याच ताब्यात. आमच्या छोट्या ज्यूरींना हे काही पटेना. कन्या तर चिडलीच. "बाबा, सगळ्यांना माहीत होतं ना, ते तिचेच स्लेव्ह्ज आहेत म्हणून?" मी म्हटलं, माहीत असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. हे वाक्य बोलताना मला फार शहाणं वाटलं होतं. घरी जाईपर्यंत ते टिकलं नाही.

कारण पुढची गोष्ट मी त्या रात्री वाचली. फेरसुनावणीला परवानगी मिळाली. मध्ये 1849 ची आग आणि कॉलऱ्याची साथ आली. जानेवारी 1850 मध्ये त्याच इमारतीत दुसऱ्या ज्यूरीने स्कॉट कुटुंबाला मुक्त ठरवलं. मिसिस इमर्सननी अपील केलं, आणि 1852 मध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचंच अठ्ठावीस वर्षांचं तत्त्व दोन विरुद्ध एक मतांनी गुंडाळून ठेवलं. काळ पूर्वीसारखा राहिला नाही, उत्तरेकडचे लोक गुलामगिरीविरुद्ध उठले आहेत, अशा आशयाचं कारण निकालपत्रात उघडपणे दिलं आहे. कायदा तोच, पुरावा तोच, हवा बदलली. न्यायमूर्ती गॅम्बल यांनी एकट्याने विरुद्ध मत नोंदवलं. पुढे प्रकरण फेडरल कोर्टातून वॉशिंग्टनला गेलं आणि 6 मार्च 1857 रोजी सरन्यायाधीश टॅनी यांनी सात विरुद्ध दोन असा निकाल दिला. कृष्णवर्णीय माणूस, मग तो गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही! जाता जाता एक गंमत. या जगप्रसिद्ध खटल्यातल्या प्रतिवादीचं नाव सॅनफर्ड, पण कारकुनाच्या चुकीने निकालाच्या छापील नोंदीत ते सॅन्डफर्ड झालं आणि आजतागायत तसंच आहे. डेटा एंट्रीवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे टेबलावर लिहून ठेवावं.

अकरा वर्षं दावा चालला. त्यातली बरीचशी वर्षं स्कॉट मंडळींना शेरीफ भाड्याने कामाला देई आणि त्यांची मजुरी निकालापर्यंत कोर्टाकडे जमा राही. हॅरिएट कपडे धुण्याचं काम करायची. तिच्या दोन मुली होत्या, एलायझा आणि लिझी. मुलं आईच्या दर्जाने ओळखली जात, त्यामुळे मुलींचं भवितव्य ड्रेडच्या नव्हे, हॅरिएटच्या दाव्यावर अवलंबून होतं. 1850 मध्ये दोन्ही पक्षांनी ठरवलं, की ड्रेडच्या खटल्यात लागेल तोच निकाल हॅरिएटलाही लागू. शाळेच्या पुस्तकात नाव ड्रेडचं असतं. हॅरिएट बहुतेक वेळा "आणि त्याची बायको" म्हणून येते.

26 मे 1857 ला स्कॉट कुटुंब सुटलं, पण न्यायाने नव्हे. ड्रेडच्या पहिल्या मालकाचा मुलगा टेलर ब्लो याने त्यांचा ताबा घेऊन त्याच इमारतीत त्यांना मुक्त केलं. पुढच्या सप्टेंबरात ड्रेड क्षयाने गेला. जेमतेम सोळा महिने!

शाळेच्या तासाभराच्या नाटकात हे सगळं मावत नाही. उपक्रम चांगलाच आहे, पण मुलं एका दालनातला एक निकाल बघून बसमध्ये चढतात. कोर्टाने आधी दार उघडलं आणि मग आपल्याच हाताने लावून घेतलं, ही खरी गोष्ट राहून जाते. ती समजायची तर कागदपत्रं वाचायला हवीत, आणि तीही सोय इथे झाली आहे. 1999 मध्ये मिसुरी राज्याच्या अभिलेखागाराने सर्किट कोर्टाबरोबर जुनी दप्तरं साफ करून लावायला घेतली. घड्या घालून बांधून ठेवलेल्या त्या गठ्ठ्यांतून तीनशेहून अधिक स्वातंत्र्यदावे निघाले. तोपर्यंत लोकांना एक ड्रेड स्कॉट माहीत होता! वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या मदतीने हे कागद इंटरनेटवर आले. शोधताना गंमत अशी, की आडनावाचा रकाना बरेचदा रिकामा. विनी, रेचेल, एवढंच. 2022 मध्ये सिव्हिल कोर्ट्‌सच्या इमारतीबाहेर या दावेदारांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर त्यांची नावं कोरली आहेत.

या लढ्याकडे आपल्याकडूनही कुणी लक्ष ठेवून होतं. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये "गुलामगिरी" हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून! आणि मी आर्चपासून दोनशे पावलांवर पार्किंग शोधत होतो.

टॅनींचा निकाल पुसला गेला तो 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने. या भूमीवर जन्मलेला आणि इथल्या कायद्याच्या कक्षेत असलेला तो नागरिक. माझी मुलगी 2009 मध्ये इथे जन्मली तेव्हा आम्ही दोघंही एच-वनवर होतो. तिचा पासपोर्ट त्याच वाक्यावर उभा आहे. 20 जानेवारी 2025 रोजी तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या यापुढे जन्मणाऱ्या मुलांना हा हक्क नाकारणारा आदेश निघाला आणि प्रकरण लगेच न्यायालयांत गेलं. तो आदेश आमच्या मुलीला लागू नव्हता, पण त्या आठवड्यात आपल्या किती घरांत जेवणाच्या टेबलावर हाच विषय होता, हे वाचकांना सांगायला नको. मुलीने विचारलं, "हॅरिएटच्या मुलींसारखं?" मी म्हटलं, तसं नाही, खूप फरक आहे. फरक आहेच. पण तिला तो समजावताना मला 1852 च्या निकालपत्रातलं ते बदललेल्या काळाचं कारण आठवत राहिलं.

दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद असलेलं ओल्ड कोर्टहाउस मे 2025 मध्ये पुन्हा उघडलं. त्या उन्हाळ्यात आईबाबा आले, तेव्हा आर्चच्या आधी त्यांना तिथे नेलं. एक सांगून ठेवतो, खटल्याची मूळ खोली शोधू नका. 1855 च्या फेरफारात तिथून बोळ काढला गेला. बाहेर ड्रेड आणि हॅरिएटचा पुतळा आहे, हातात हात घेतलेला. तिथून गाडीने कॅल्व्हरी सिमेटरीत गेलो. ड्रेडच्या थडग्यावर लोक लिंकनचा चेहरा असलेली एक सेंटची नाणी ठेवून जातात. बाबांनी खिसे चाचपले, सुटे नव्हते. आईने पर्सच्या आतल्या कप्प्यातून रुपयाचं नाणं काढलं आणि ठेवलं.