संशयाच्या काळात पवित्र शास्त्राचे वाचन

संशय म्हणजे श्रद्धेचा अभाव, असे समजून अनेक भाविक आपल्या मनातील प्रश्न धर्मगुरूंपासूनही लपवून ठेवतात. पवित्र शास्त्र मात्र असे प्रश्न लपवीत नाही. हबक्कूक संदेष्ट्याचे पुस्तक परमेश्वराकडे केलेल्या तक्रारीनेच सुरू होते. त्र्याहत्तराव्या स्तोत्राचा कर्ता दुर्जनांची भरभराट पाहून आपली श्रद्धा डळमळल्याची कबुली देतो. ज्याने यार्देन नदीकाठी प्रभू येशूची ओळख जगाला करून दिली, तो बाप्तिस्मा करणारा योहानदेखील तुरुंगातून आपले शिष्य पाठवून, अपेक्षित मसीहा खरोखर हाच काय, अशी विचारणा करतो (मत्तय ११; लूक ७). प्रभू त्याला 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देत नाहीत. आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी आणि दीनदुबळे यांच्या बाबतीत काय घडत आहे, ते योहानाला कळवा, एवढेच ते सांगतात. यांतील बहुतेक लक्षणे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात आलेली आहेत. त्या ग्रंथाशी ज्याचा परिचय आहे, त्यालाच या उत्तराचा अर्थ उमगणार होता. शास्त्रातून मार्गदर्शन कसे मिळते, याचा हा उत्तम नमुना आहे.

आपल्याकडे रूढ झालेली पद्धत मात्र वेगळी आहे. अडचण आली की डोळे मिटून बायबल उघडायचे, बोट ठेवायचे आणि त्या ओळीला देवाचा निर्णय मानायचे. सन २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एका भगिनीने रुग्णालयात असलेल्या आपल्या आईसाठी असेच बायबल उघडले. समोर आरोग्याचे अभिवचन आले. तिने ते घरातील सर्वांना वाचून दाखविले. चौथ्या दिवशी आई गेली. त्यानंतर वर्षभर ते बायबल कपाटातून बाहेर निघाले नाही. पुढे एकदा तिने मला विचारले, "फादर, देव खोटे बोलला, की मी चुकीचे पान उघडले?" तीस वर्षे प्रबोधन करणाऱ्या माझ्यापाशी त्या क्षणी उत्तर नव्हते.

या पद्धतीच्या समर्थनार्थ संत ऑगस्टीन यांचे उदाहरण हमखास दिले जाते. इ.स. ३८६ मध्ये मिलान शहरातील एका बागेत ते व्याकूळ होऊन रडत असता, शेजारच्या घरातून, पुस्तक घेऊन वाचण्यास सांगणारा एका बालकाचा आवाज त्यांच्या कानी पडला. त्यांनी संत पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील वचन समोर आले आणि त्यांचा संशय मावळला. प्रसंग सत्य आहे. पण आपण त्याचा अर्धाच भाग सांगतो. तत्पूर्वी दीर्घकाळ ते बिशप अँब्रोज यांची प्रवचने ऐकत होते, पौलाची पत्रे बारकाईने वाचत होते, आणि त्यांचा मित्र अलिपियस त्याही दिवशी सोबत होता. म्हणजे जे पुस्तक उघडले गेले, ते त्यांच्या अभ्यासातलेच होते. त्यानंतरही ते लगेच बाप्तिस्म्यास गेले नाहीत. ३८७ च्या पुनरुत्थान सणाला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे बिशप झाल्यावर याच ऑगस्टीन यांनी, शुभवर्तमानाच्या पानांवरून ऐहिक व्यवहारांचे कौल घेण्याची प्रथा आपल्याला पसंत नसल्याचे एका पत्रात लिहून ठेवले आहे. इ.स. ५०६ मधील आग्द येथील धर्मसभेने तर असे कौल घेण्यास स्पष्ट बंदी घातली. (मत्थियाची प्रेषित म्हणून निवड चिठ्ठ्या टाकून झाली, असा मुद्दा काही जण मांडतात. ती पवित्र आत्म्याच्या आगमनापूर्वीची घटना आहे. त्यानंतर प्रेषितांनी असे केल्याचा उल्लेख नव्या करारात नाही.)

मग वाचावे कसे? बाराव्या शतकातील कार्थुसियन मठाधिपती दुसरे गुइगो यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली. आज 'लेक्सिओ दिविना' या नावाने ती परिचित आहे. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'देई व्हेर्बुम' या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाने सर्व श्रद्धावंतांना वारंवार शास्त्रवाचन करण्याचे आवाहन केले व वाचनास प्रार्थनेची जोड असावी, असे सांगितले. कोणताही उतारा संपूर्ण शास्त्राच्या संदर्भात आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेत वाचावा, हेही त्याच दस्तऐवजाने स्पष्ट केले आहे. व्यवहारात याचा अर्थ साधा आहे: सुटी ओळ न घेता पूर्ण अध्याय वाचावा. दिवसाच्या ख्रिस्तयागातील वाचने घेतली तर अधिकच उत्तम, कारण ती आपण निवडलेली नसतात. आपल्याला नकोसे वाटणारे वचनही त्यांत समोर येते.

निर्णयाच्या संदर्भात लोयोलाचे संत इग्नेशियस यांचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. मन विषण्ण व अंधारलेले असताना पूर्वी केलेला चांगला निश्चय बदलू नये, असे ते सांगतात. १५२१ मध्ये पाम्प्लोना येथे पाय जायबंदी झाल्यावर अंथरुणात ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचत असता, कोणत्या विचारांनी शांती टिकते आणि कोणत्या विचारांनी मागाहून रितेपण येते, याचे ते निरीक्षण करू लागले. ते वाचनही एका दिवसाचे नव्हते.

त्या भगिनीस मी काही दिवसांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावयास दिले. संपूर्ण स्तोत्रसंहितेत याहून काळोखी स्तोत्र नसावे. इतर बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे मात्र अंधारातच संपते. ख्रिस्तसभेने ते बाजूला ठेवलेले नाही. दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत धर्मगुरू व धर्मभगिनी ते म्हणतात. तिने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "फादर, हे पान आम्हांला कधी कोणी दाखविले नाही." तेव्हापासून आमच्या धर्मग्रामात दुःखी घरी भेट देताना मी आरोग्याच्या अभिवचनांबरोबर १३, ४२, ७७ आणि ८८ ही स्तोत्रेही सोबत नेतो.