२७. अँडरसनची अठरावी खेळी

लंडनमधला हा ‘अमर डाव’ (२१ जून १८५१) स्पर्धेतला नव्हे, फावल्या वेळातला. किंग्ज गँबिटमधल्या या डावात अँडरसनने अठराव्या खेळीला उंट डी६वर नेला आणि दोन्ही हत्ती वाऱ्यावर सोडले. तोच उंट ई३वर नेला असता किंवा डी३चे प्यादे एक घर पुढे सरकवले असते, तर एवढी उधळपट्टी न करताही डाव हातात होता. उलट काळ्या मोहऱ्यांनी खेळणारा त्याचा प्रतिस्पर्धी कीझेरित्स्की याच्या वजिराने आधी ए१वरचा हत्ती शह देत मारून पुन्हा बी२ गाठले असते, तर पांढऱ्याला जिंकणे जड गेले असते. त्याने उंटाने जी१वरचा हत्ती टिपला. लगेच पांढऱ्याचे प्यादे ई५वर आले, जी७वरचा वजिराचा पहारा तुटला आणि तेविसाव्या खेळीला मात झाली.