आर्थिक फसवणुकीचे मानसिक परिणाम

विश्वास संपादन करून किंवा धाक दाखवून पैसे उकळले गेल्यानंतर फसलेल्या व्यक्तीच्या मनावर, झोपेवर, नातेसंबंधांवर आणि निर्णयशक्तीवर होणारे परिणाम. चोरी आणि फसवणूक यांत पैशांचे नुकसान सारखेच असले, तरी मागे राहणारी जखम वेगळी असते. चोर कुलूप तोडून जातो. फसवणुकीत मात्र माणूस स्वतःच्या तोंडाने ओटीपी सांगतो, स्वतः बँकेत जाऊन आरटीजीएसच्या फॉर्मवर सही करतो. त्यामुळे राग ठकावर निघण्याआधी स्वतःवर निघतो. गेलेल्या पैशांचे दुःख हळूहळू बोथट होते, पण आपल्याच अकलेवरचा उडालेला विश्वास सहजी परत येत नाही. त्यात लाजेची भर पडते आणि लाजेपायी माणूस गप्प बसतो.

भारतात गेल्या काही वर्षांत फोफावलेल्या ‘डिजिटल अरेस्ट’ या प्रकारात हे सगळे ठळकपणे दिसते. फोन बहुधा कुरिअर कंपनीच्या किंवा दूरसंचार खात्याच्या नावाने येतो. तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा घडला, असे सांगितले जाते. मग व्हिडिओ कॉल सुरू होतो : समोर गणवेशातला ‘अधिकारी’, त्याच्या मागे पोलिसांचे बोधचिन्ह, पाठोपाठ मोबाइलवर शिक्का मारलेले वॉरंट. सर्वांत घातक असते ती पुढची सूचना : कॅमेरा बंद करायचा नाही आणि घरात कोणाला सांगितलेत तर त्यांनाही आरोपी करू. शेजारच्या खोलीत सून पोळ्या लाटत असते आणि आजोबा दार लोटून मोबाइलसमोर ताठ बसलेले असतात. बँकेतल्या कारकुनाने विचारलेच, तर ‘मुलाला फ्लॅट घ्यायचाय’ हे उत्तरही आधीच पढवून ठेवलेले असते. अशी अटक भारतातील कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितले. पण एकटे पाडलेल्या, भेदरलेल्या माणसाला त्या क्षणी कायदा आठवत नाही. अधिकारपदावरच्या व्यक्तीच्या हुकमापुढे चांगली विचारी माणसेही किती सहज वाकतात, हे स्टॅन्ली मिलग्रम यांनी येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांतून दिसले होते.

फसतात ती भोळी किंवा लोभी माणसे, हा समज म्हणूनच खोटा आहे आणि क्रूरही. वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल हे मुरलेले उद्योजक. ऑगस्ट २०२४ मध्ये ठकांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी दाखवली, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या नावाचा वापर केला आणि सात कोटी रुपये उकळले. ओसवाल यांनी तक्रार केली, पुढे माध्यमांतही घडले ते मोकळेपणाने सांगितले, आणि त्यातली बरीच रक्कम परत मिळाली. इतके धैर्य सगळ्यांकडे नसते.

नंतरचे दिवस अधिक कठीण जातात. अनोळखी नंबर वाजला की छातीत धडधडते. बँकेचा एसएमएस उघडायला हात धजत नाही. ‘तेव्हाच फोन ठेवला असता तर’ याची रात्रभर उजळणी चालते. भूक मरते, रक्तदाब वाढतो, काहींना नैराश्य येते, आत्महत्येचे विचारही येतात. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक नुकसान होते, ज्याकडे घरच्यांचे लक्ष नसते. मुले काळजीपोटी पासबुक आणि एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवतात, आणि जन्मभर घर चालवलेल्या माणसाला दुधाच्या बिलासाठी हात पसरावा लागतो.

‘एवढे शिकलेले असून कळले कसे नाही?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी १९६० च्या दशकापासून केलेल्या संशोधनात याचे मूळ सापडते : जग न्यायी आहे असे मानायची माणसाला गरज असते, म्हणून ज्याचे वाईट झाले त्याचेच काहीतरी चुकले असेल, असे तो धरून चालतो. विचारणाऱ्याला त्यातून दिलासा मिळतो. ऐकणारा पुन्हा एकदा आरोपी ठरतो.

सामूहिक फसवणुकीत चित्र थोडे बदलते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांसाठी खात्यामागे फक्त १,००० रुपये काढता येणार होते. एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे हजारो बनावट खात्यांआड दडवलेली होती. ऑपरेशन, मुलांची फी, तोंडावर आलेली दिवाळी, सगळेच अडले. ऑक्टोबरमध्ये काही ठेवीदारांचे मृत्यू झाले आणि नातेवाइकांनी त्यामागे याच ताणाचे कारण सांगितले. तरीही हे ठेवीदार रिझर्व्ह बँकेसमोर एकत्र उभे राहू शकले. आपण एकटे फसलेलो नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते, आणि रागाला ठिकाण होते. त्यांना पोखरले ते प्रतीक्षेने : जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण मोठ्या ठेवींची पूर्ण परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबली. सत्तरीतल्या ठेवीदाराला हा हिशेब कसा वाटला असेल, हे सांगायला नको.

कायद्याला हे दुःख अनोळखी नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेपासून ते आजच्या भारतीय न्यायसंहितेच्या कलम ३१८ पर्यंत, फसवणुकीच्या व्याख्येत शरीर, मन, प्रतिष्ठा आणि मालमत्ता या चारही गोष्टींची हानी धरली आहे. व्यवहारात मात्र चौकशी रकमेभोवतीच फिरते.

ज्यांनी घरी किंवा पोलिसांत काही सांगितलेले नसते, ते ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या दुसऱ्या टोळीच्या हाती अलगद सापडतात. १९३० या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम गोठवता येण्याची शक्यता वाढते. मनावरच्या ताणासाठी ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते.